पिंगीचा अहवाल आणि भाऊजींचे घरी येणे

मिरजेहून एका भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते थोडक्यात देते.

«आमच्याकडे दोन वर्षांची भाटी आहे, पिंगी. महिनाभर तिचे खाणे कमी झाले म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी किटवर रक्त तपासून फेलाइन ल्युकेमिया (मांजरांत रक्ताचा कर्करोग करू शकणारा विषाणू) पॉझिटिव्ह असल्याचे सांगितले आणि हा एचआयव्हीच्याच कुळातला विषाणू आहे, असेही बोलता बोलता म्हणाले. माझा धाकटा चार वर्षांचा आहे; पिंगी त्याच्या कुशीत झोपते आणि त्याचा हात चाटत बसते. यजमान म्हणतात, तिला लांबच्या मासळी बाजारात सोडून येऊ. आणखी एक गोष्ट लिहिते. पुढच्या महिन्यात माझे धाकटे दीर पुण्याहून कायमचे आमच्याकडे राहायला येत आहेत. त्यांना सहा वर्षांपासून एचआयव्ही आहे, गोळ्या नियमित चालू आहेत. सासूबाईंना हे ठाऊक नाही, फक्त आम्हा दोघांना आहे. एका घरात असे दोन विषाणू आले, तर ते एकत्र होऊन काही तिसरेच तयार होईल का? गाईंनाही असा आजार असतो, असे सासूबाईंनी कुठे तरी ऐकले आणि तेव्हापासून त्या दुधाकडेही संशयाने पाहतात. आम्ही काय करावे?»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते, म्हणजे पुढचे सारे शांतपणे वाचता येईल. पिंगीच्या विषाणूची लागण माणसाला होत नाही. तिने मुलाचा हात चाटला म्हणून त्याला तो आजार होणार नाही. भाऊजींचा विषाणू मांजराला लागत नाही, आणि एकत्र राहण्याने, जेवण्याने, एकच संडास वापरण्याने किंवा त्यांनी मुलांना कडेवर घेण्याने तो मुलांनाही लागत नाही. दोन विषाणूंचे मिश्रण व्हायचे तर दोघांना एकाच वेळी एकाच पेशीत शिरावे लागते, आणि तुमच्या घरात या दोघांची अशी गाठ कुठेच पडत नाही. दूध उकळून प्यावे, बाकी त्याची काळजी सोडून द्यावी.

मात्र नुसते «घाबरू नका» म्हटल्याने भीती जात नाही, हे जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षे काढल्यावर मला पक्के कळले आहे. नातेवाईक, शेजारी किंवा यजमान उद्या पुन्हा विचारतील तेव्हा तुम्हाला स्वतःच्या शब्दांत कारण सांगता यायला हवे. म्हणून हे विषाणू शरीरात नेमके काय करतात, ते जरा विस्ताराने लिहिते.

प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपात तिचे मूळ दप्तर असते. कामापुरत्या भागाची नक्कल आरएनएच्या रूपात काढली जाते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिने तयार होतात. मूळ दप्तरातून नक्कल निघते, नकलेवरून मूळ दप्तर लिहिले जात नाही, असेच शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, काही विषाणूंमध्ये आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर (एन्झाइम) असल्याचे दाखवून दिले. टेमिन आणि बाल्टिमोर यांना त्यासाठी १९७५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या विकराला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज म्हणतात, आणि त्याच्या उलट्या चालीवरूनच या कुळाला रेट्रोव्हायरस हे नाव पडले.

खरी मेख त्याच्या पुढच्या पायरीत आहे. असा तयार झालेला डीएनए हा विषाणू आणखी एका विकराच्या मदतीने पेशीच्या गुणसूत्रात कायमचा जोडून टाकतो. शेतात कोणी रात्री शिरून ऊस तोडून नेला, तर ते नुकसान त्या हंगामापुरते असते. पण एखाद्याने तुमच्या सातबाऱ्यावर स्वतःचे नाव चढवून घेतले, तर त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक उताऱ्यावर ते नाव येतच राहते. सर्दीचा विषाणू पहिल्या जातीचा आहे आणि रेट्रोव्हायरस दुसऱ्या. त्या पेशीच्या दोन पेशी झाल्या, दोनाच्या चार झाल्या, तरी प्रत्येकीत ही नोंद उतरते. म्हणूनच एचआयव्हीवरची औषधे विषाणूची वाढ पूर्ण थोपवतात, तरी गोळ्या बंद केल्या की साधारणपणे काही आठवड्यांतच तो पुन्हा डोके वर काढतो: काही पेशींच्या दप्तरात त्याची नोंद झोपलेली असते आणि आजची औषधे ती नोंद खोडू शकत नाहीत.

पण सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे जमीन नापीक झाली असे होत नाही, आणि तुमच्या यजमानांच्या मनात गोंधळ झाला आहे तो नेमका इथे. लागण आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या कुळातल्या विषाणूने कोणत्या प्राण्याच्या कोणत्या पेशीत घर केले, गुणसूत्रावर तो कुठल्या जागी बसला आणि शरीराने त्याला किती आवर घातला, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

हे कुळ माणसाच्या आधी जनावरांत सापडले. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमन आणि बांग या दोघांनी कोंबड्यांचा रक्ताचा कर्करोग, पेशी पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रावाने दुसऱ्या कोंबडीला देता येतो, असे दाखवले. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी प्लिमथ रॉक जातीच्या एका कोंबडीच्या गाठीचा द्राव गाळून तोच प्रकार मांसाच्या गाठीबाबत सिद्ध केला. संसर्गाने कर्करोग होतो हे तेव्हा कोणाला पटण्यासारखे नव्हते. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. त्यांच्या विषाणूत गाठ निर्माण करणारे जे जनुक होते, ते मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतून विषाणूने कधी तरी उचललेले होते, हे १९७६ साली कळले. पेशींची वाढ आटोक्यात ठेवणारी आपली स्वतःची जनुकेच बिघडली की कर्करोग होतो, हा आजचा विचार त्या एका कोंबडीपासून सुरू झाला. मला व्यक्तिशः वैद्यकाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा धडा वाटतो, आणि तो पशुवैद्यकाने माणसाला दिलेला आहे.

आता पिंगीकडे येऊ. तिचा विषाणू १९६४ साली ग्लासगोच्या पशुवैद्यकीय विद्यालयात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. एकाच घरातल्या मांजरांना एकामागोमाग एक लिंफोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, गाठी होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकींना चाटून साफ करणाऱ्या, एका वाडग्यात खाणाऱ्या मांजरींत तो सहज जातो, आणि आईकडून पिलांना पोटात किंवा दुधातूनही मिळतो. लहान पिलांना तो पटकन धरतो. वाढत्या वयाबरोबर मांजराचा त्याला होणारा विरोध वाढत जातो. घशातल्या ग्रंथींतून तो पांढऱ्या पेशींबरोबर हाडांच्या मगजात पोचतो, आणि रक्ताचा कारखाना तिथेच असल्यामुळे सगळे उत्पात तिथून सुरू होतात.

प्रत्येक मांजरात हा प्रवास शेवटपर्यंत होतोच असे नाही. काही मांजरे त्याला दारातच परतवतात. काहींमध्ये तो गुणसूत्रात नोंद करून बसतो, पण शरीर त्याला दाबून ठेवते. रक्तात विषाणू दिसत नाही, लाळेतून पसरत नाही आणि मांजर वर्षानुवर्षे ठणठणीत राहते. उरलेल्यांत मात्र तो उघड वाढत राहतो, आणि तुमच्यापासून लपवून उपयोग नाही, अशी बहुतेक मांजरे निदानानंतर तीनेक वर्षांत जातात. पिंगी यातल्या कोणत्या गटात आहे, हे त्या एका किटवरून सांगता येत नाही.

तुम्ही पाहिलेले ते किट तळहाताएवढे असते. त्यावर रक्ताचा थेंब आणि द्रावणाचे काही थेंब टाकून दहा-एक मिनिटे थांबतात. त्याच्या एका भागात फेलाइन ल्युकेमियाच्या विषाणूचे प्रथिन शोधले जाते. दुसऱ्या भागात मांजरांच्या एफआयव्ही या दुसऱ्या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये शोधली जातात. म्हणजे पिंगीच्या रक्तात त्या दिवशी विषाणूचे प्रथिन असल्याचा रंग उमटला, एवढाच त्या रेघेचा अर्थ. तो रंग चुकून उमटू शकतो, आणि लागण नवी असेल तर पुढे शरीर तिला दाबूनही टाकू शकते. म्हणून प्रयोगशाळेत पीसीआर तपासणीसाठी, म्हणजे विषाणूची जनुकीय नोंदच शोधणाऱ्या तपासणीसाठी, रक्त पाठवावे आणि दोन-तीन महिन्यांनी किटची तपासणी पुन्हा करावी. त्याआधी तिच्या भवितव्याबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये.

मांजराला हा विषाणू नेमका कसा मारतो, असा प्रश्न मनात येईल. त्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. गुणसूत्रावर जिथे तो बसतो, तिथे तो स्वतःची जनुके चालू ठेवणारा खटकाही घेऊन बसतो. योगायोगाने शेजारी पेशीच्या वाढीचे जनुक असेल, तर त्या खटक्याने तेही सतत चालू राहते, पेशी विनाकारण वाढत जाते आणि लिंफोमाची गाठ किंवा रक्ताचा कर्करोग होतो. मगजातल्या पेशी बिघडल्या की पांढऱ्या पेशी कमी होतात, मग हिरड्या सुजतात, तोंडात जखमा होतात, साधा जंतुसंसर्गही हटत नाही. पिंगीचे खाणे कमी झाले त्याचे कारण कदाचित तोंडातच असेल. डॉक्टरांना तिचे तोंड नीट उघडून पाहायला सांगा, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिले तर तिच्या यकृतावर चरबी चढून ती वेगळ्याच कारणाने दगावू शकते.

तिसरा मार्ग रक्तक्षयाचा, आणि त्याची यंत्रणा विलक्षण आहे. मांजराच्या शरीरातच या विषाणूत बदल होत जातात आणि क्वचित त्याचे असे एक रूप तयार होते, जे पेशीत शिरण्यासाठी एका खास प्रथिनाचा आधार घेते. हे प्रथिन तांबड्या पेशी घडत असताना त्यांतले जास्तीचे हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा घटक) बाहेर टाकायचे काम करते. विषाणूने ती वाट अडवली की हीम आत साठून कोवळ्या तांबड्या पेशी तयार होण्याआधीच मरतात. मगजात कारखाना चालू असतो, पण बाहेर माल येत नाही.

हे तुम्हाला घरीही ओळखता येईल. सकाळच्या उजेडात पिंगीला मांडीवर घ्या आणि अंगठ्याने तिचा वरचा ओठ हळूच वर करून सुळ्याच्या वरची हिरडी पाहा. ती फिकट गुलाबी दिसली तर ठीक आहे. धुतलेल्या तांदळासारखी पांढुरकी दिसली, किंवा दोन पायऱ्या चढूनच ती धापा टाकू लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आठवड्यातून एकदा हे पाहायची सवय ठेवा.

डॉक्टर पिंगीच्या विषाणूला एचआयव्हीच्या कुळातला म्हणाले, ते कुळ म्हणून खरेच आहे, पण चुलत्याची चूक पुतण्यावर ढकलण्यासारखे आहे. मांजरांत एचआयव्हीशी खरे जवळचे नाते आहे ते एफआयव्हीचे. तो १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला आणि मुख्यतः बोक्यांच्या भांडणातल्या खोल चाव्यांतून पसरतो. माझ्या दवाखान्यात असा एक पिवळा बोका येत असे. कान फाटलेला, अंगावर जुन्या मारामाऱ्यांचे वण, पण निदान झाल्यावर त्याचे ऑपरेशन करून त्याला घरात ठेवला, दात वेळेवर साफ केले, आणि तो पुढे नऊ वर्षे जगून म्हातारपणाने गेला. त्या घरातल्या आजी रोज त्याला भाकर कुस्करून द्यायच्या आणि तो रोज त्यातले फक्त दूध प्यायचा. पॉझिटिव्ह हा शब्द ऐकला की मला तो बोका आठवतो.

सासूबाईंनी ऐकले ते अगदीच निराधार नाही. गाईंमध्ये बोव्हाइन ल्युकेमियाचा विषाणू असतो. तो रक्तातून जातो: एकच सुई अनेक जनावरांना टोचली, शिंगे काढण्याची हत्यारे साफ केली नाहीत, तर गोठाभर पसरतो. लागण झालेल्या बहुतेक गाई आयुष्यभर धडधाकट असतात, सुमारे एकतृतीयांश गाईंच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळतात, आणि शंभरात पाचांहूनही कमी गाईंना पुढे गाठी होतात. पाश्चरायझेशनने किंवा घरी दूध उकळण्याने तो नष्ट होतो. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवायची रीत आहे, ती सासूबाईंनी चालू ठेवावी.

मेंढ्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण हे विषाणू किती वेगवेगळ्या रीतींनी आजार देतात ते तिथे दिसते. यागसिक्ते नावाचा एक रेट्रोव्हायरस मेंढीच्या फुप्फुसात गाठी करतो. हे नाव आफ्रिकान्स भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ पळवल्यामुळे होणारा आजार, कारण मेंढी कोणी मैलभर पळवल्यासारखी धापा टाकते. मेंढीचे मागचे पाय उचलले तर नाकातून पाणी गळते, आणि मेंढपाळ त्यावरून हा आजार ओळखतात. यात शेजारच्या जनुकाचा योगायोगही लागत नाही. विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन स्वतःच पेशीला वाढीला लावते. क्लोन केलेल्या डॉली मेंढीला हाच आजार झाला आणि १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला वेदनामुक्त मरण द्यावे लागले. आइसलँडमध्ये १९३३ साली जर्मनीहून काराकुल जातीच्या मेंढ्या आणल्या, त्यांच्याबरोबर आलेल्या विषाणूने काही वर्षांनी तिथल्या कळपांना श्वासाचा आणि अंग वाळत जाण्याचा आजार दिला. तिथल्या ब्योर्न सिगुर्दसन यांनी १९५४ साली अशा मंद गतीच्या संसर्गांची कल्पना मांडली. या आजारात गाठ होत नाही. विषाणूला हुसकावण्याच्या प्रयत्नात शरीरच फुप्फुसाला आणि मेंदूला सूज आणत राहते. एचआयव्ही याच मंदगती शाखेतला आहे.

माणसात या कुळातला पहिला विषाणू एचटीएलव्ही-१ हा १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने जाहीर केला. नैर्ऋत्य जपानमध्ये तो अधिक आढळतो, आणि आईच्या दुधातून मुलांना जातो, म्हणून नागासाकीत १९८७ पासून लागण झालेल्या मातांना वरच्या दुधाचा पर्याय देण्याचा कार्यक्रम चालवला गेला. ज्यांना लागण असते, त्यांपैकी साधारण शंभरातल्या पाचांनाच पुढे, तेही अनेक दशकांनंतर, रक्ताचा कर्करोग होतो. इतर बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

एचआयव्हीचे तसे नाही. हा विषाणू प्रतिकारशक्तीच्या व्यवस्थापक पेशींतच शिरतो, ज्यांना सीडी-४ पेशी म्हणतात. त्या रोज मोठ्या संख्येने मरतात आणि रोज नव्या तयार होतात. उपचार नसतील, तर साधारण आठ-दहा वर्षांत ही भरपाई अपुरी पडते. निरोगी माणसात पाचशेच्या वर असणारी संख्या दोनशेच्या खाली गेली, की एरवी जे जंतू शरीरात निमूट बसलेले असतात ते उठतात. आपल्या देशात त्यांत क्षयरोग सर्वांत पुढे आहे. एचआयव्ही झालेला माणूस जातो तो अशा दुसऱ्या आजाराने. गोळ्या नेमक्या ही गळती थांबवतात, आणि भाऊजी सहा वर्षे त्या नेमाने घेत आहेत. सरकारी केंद्रांतून हे उपचार एप्रिल २००४ पासून मोफत मिळतात.

तुम्ही वाचले असेल की एचआयव्ही मुळात माकडांकडून आला, आणि मग मांजराकडून का येणार नाही, अशी शंका येईल. शंका रास्त आहे. त्याचा पूर्वज आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींत होता. शिकार केलेल्या चिंपांझीचे रक्त माणसाच्या जखमेत गेले, आणि चिंपांझीच्या पेशी आपल्या पेशींशी इतक्या जुळतात की विषाणूला नव्या घरात फारसे अडले नाही. मांजर आणि माणूस यांच्यात तेवढी जवळीक नाही. एफआयव्ही मांजराच्या पेशीवरच्या ज्या प्रथिनाला धरतो, तेही एचआयव्ही आपल्या पेशीवरच्या ज्या सीडी-४ नावाच्या प्रथिनाला धरतो त्यापेक्षा वेगळे. पिंगीच्या विषाणूची काही रूपे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मानवी पेशींत शिरू शकतात, आणि म्हणूनच शास्त्रज्ञांनी हा प्रश्न हलक्यावर न घेता मांजरांचे चावे-ओरखडे सोसणाऱ्या पशुवैद्यांची रक्ते तपासली. कोणातही लागण आढळली नाही. माझे हात मांजरांच्या दातांनी भरलेले आहेत, हे मी त्यांच्यातलीच एक म्हणून सांगते.

आणखी एक सांगते, कारण हे कुळच अभद्र आहे अशी समजूत तुमच्या मनात राहू नये. माणसाच्या एकूण डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांच्या नोंदींचा आहे. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी ते आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या वारसाने उतरत आले. त्यांतल्या एका नोंदीपासून सिन्सिटिन नावाचे प्रथिन बनते, आणि वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळून आई आणि बाळ यांच्यातला जो थर तयार होतो तो त्याच्यामुळे. तुमची मुले पोटात पोसली गेली, त्यात एका जुन्या रेट्रोव्हायरसचा हात आहे.

आता घरच्या व्यवस्थेबद्दल. पिंगीला मासळी बाजारात सोडू नका. ती तिथे उपाशी मरेलच, पण त्याआधी एका माशाच्या डोक्यावर पाच मांजरे जमतील आणि त्यांना, त्यांच्या पिलांना ती हा विषाणू देईल. पाळीव जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. तिला घरातच ठेवा, शेजारच्या मांजरांत मिसळू देऊ नका, तब्येत सावरली की पिले न होण्याचे ऑपरेशन करून घ्या. रेबीजची लस चुकवू नका. कच्चे मांस किंवा कच्ची मासळी देऊ नका, आणि दर सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी करा. तिचा वाडगा साध्या साबणाने धुतला तरी पुरे, कारण या विषाणूचे स्निग्ध आवरण साबणाने फुटते आणि शरीराबाहेर तो फार वेळ टिकतही नाही. पुढे दुसरे मांजर आणायचा विचार असेल, तर मांजरांच्या नेहमीच्या तिहेरी लशीत या विषाणूची लस नसते, ती वेगळी असते, हे लक्षात ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.

भाऊजींना पिंगीपासून रेट्रोव्हायरसचा धोका नसला, तरी कोणत्याही मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, आणि सीडी-४ कमी असलेल्या माणसाच्या मेंदूला तो इजा करतो. त्याची अंडी बाहेर पडल्यावर घातक व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून तिचा वाळूचा ट्रे रोज साफ व्हावा, तो भाऊजींनी नव्हे तर तुम्ही किंवा यजमानांनी हातमोजे घालून करावा, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ओरखडे निघतील असा खेळ त्यांनी टाळावा, पिंगीच्या पिसवांवर औषध घालावे. त्यांची सीडी-४ संख्या चांगली असेल, तर तिला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही.

तुमच्या पत्रात पिंगीबद्दल जेवढे लिहिले आहे तेवढे भाऊजींबद्दल नाही. मला वाटते, पिंगीची एवढी धास्ती बसली त्याचे एक कारण हेही असावे की भाऊजींबद्दलची भीती तुम्हा दोघांना मोठ्याने बोलता येत नाही. तर ती इथे बोलून टाकू. दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश वेगळा असावा, तसा तो प्रत्येकाचाच असतो. जखम झाली तर हातमोजे घालून पुसावी, साबणाने धुवावी. याखेरीज त्यांच्यासाठी वेगळे ताट, वेगळी चादर, वेगळा कोपरा, काहीही लागत नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे एक केंद्र पुण्यात होते, लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसले. पुढच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले की गोळ्यांमुळे रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जात नाही. मग कुशीत बसलेल्या पुतण्याला कुठून जाणार?

घरातल्यांनी लक्ष ठेवायचे ते खोकल्यावर. भाऊजींना खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट दिसली तर पंधरा दिवस वाट न पाहता क्षयाची तपासणी करावी, कारण तो हवेतून मुलांना लागू शकतो आणि वेळेत कळला तर पूर्ण बरा होतो.

ते पुण्याहून निघण्याआधी तिथल्या एआरटी केंद्रातून (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रातून) बदलीचे पत्र, उपचाराची वही आणि प्रवासापुरत्या जास्तीच्या गोळ्या घेऊन इकडच्या केंद्रात नाव नोंदवतील, असे पाहा. घर बदलण्याच्या धावपळीत गोळ्यांत खंड पडतो, आणि या आजारात खंड महागात पडतो. काही अडले तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. सासूबाईंना सांगायचे की नाही, हे भाऊजींनी ठरवायचे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही त्यांच्या संमतीशिवाय ही माहिती इतरांना देण्याला मनाई केली आहे. पिंगीचे निदान घरात बोलताना मात्र «मांजराचा ल्युकेमिया» एवढेच म्हणा. त्याला एचआयव्हीचे नाव जोडले, की सासूबाईंच्या मनात भीती बसेल, आणि उद्या भाऊजींनी स्वतःहून सांगायचे ठरवले तर ते त्यांना जड जाईल.

या आठवड्यात पिंगीचे तोंड तपासून घ्या, रक्तगणना आणि पीसीआरसाठी रक्त द्या. अहवाल आला की त्यातले हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशींची संख्या आणि तिचे वजन मला लिहून कळवा. मगजाला धक्का लागला आहे का, ते त्यावरून बरेचसे सांगता येईल.